व्होल्टेजने गेन बदलणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर: धप्प आवाज आणि फाटणारा सिग्नल

प्रश्न (सदाशिव पेठ)

नमस्कार. आमच्या आळीतल्या देवळातील कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणासाठी मी माइकचा प्रीॲम्प्लिफायर बनवीत आहे. बुवांचे निरूपण हळू चालते आणि टाळकऱ्यांनी साथ धरली की पातळी एकदम चढते, म्हणून कंट्रोल व्होल्टेजने गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी-जास्त करता यावा अशी माझी इच्छा आहे. सध्या एकच बीसी ५४७ ट्रान्झिस्टर वापरला आहे. पुरवठा १२ व्होल्ट, कलेक्टरला ४.७ किलोओहम आणि एमिटर कपॅसिटरने बायपास केलेला. बेसचा बायस (स्थिर व्होल्टेज) बदलून कलेक्टर करंट ०.२ पासून १.२ मिलिअँपिअरपर्यंत नेतो. गेन बदलतो, परंतु प्रत्येक बदलाबरोबर धप्प असा आवाज येतो, आणि १० मिलिव्होल्टच्या इनपुटलाच आवाज फाटतो. ऑसिलोस्कोपवर आउटपुट पुरवठ्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचतही नाही, मग हे कशामुळे होत असावे?

उत्तर (कोथरूड)

आपल्या दोन्ही तक्रारींचे कारण आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स (इनपुट व्होल्टेज बदलले की करंट किती बदलतो ते प्रमाण) म्हणजे कलेक्टर करंट भागिले सुमारे २६ मिलिव्होल्ट, त्यामुळे या रचनेत गेन म्हणजे कलेक्टर रेझिस्टरवरील डीसी ड्रॉप (स्थिर करंटमुळे त्यावर पडणारे व्होल्टेज) भागिले तेच २६ मिलिव्होल्ट. करंट ०.२ मिलिअँपिअर असताना ड्रॉप ०.९४ व्होल्ट आणि गेन ३६, १.२ असताना ड्रॉप ५.६४ व्होल्ट आणि गेन २१७. म्हणजे गेन सहापट करताना कलेक्टर ४.७ व्होल्टने खाली येतो आणि तेवढी उडी कपलिंग कपॅसिटरमधून थेट पुढे जाते. हीच आपली धप्प.

फाटण्याचे कारण वेगळे आहे. बेस-एमिटर व्होल्टेज आणि करंट यांचे नाते घातांकी असल्याने दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेची भेसळ) अंदाजे इनपुटचे शिखर भागिले १०४ मिलिव्होल्ट इतका निघतो, म्हणून १० मिलिव्होल्टला जवळजवळ १० टक्के विकृती होते. एमिटरचा कपॅसिटर काढला तर विकृती घटेल, पण करंटने गेन बदलण्याची सोयही त्याबरोबर जाईल.

माझे स्पष्ट मत असे की एका ट्रान्झिस्टरवर यापुढे वेळ घालवू नये. डिफरन्शियल जोडी (एमिटर एकत्र जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) करा आणि टेल करंट, म्हणजे दोन्ही एमिटरांचा एकत्रित करंट, ०.१ ते १ मिलिअँपिअर असा बदला. प्रत्येक कलेक्टरला ४.७ किलोओहम ठेवल्यास दोन कलेक्टरांमधील गेन साधारण ९ ते ९० होतो, म्हणजे २० डेसिबलचा पल्ला मिळतो. दोन्ही कलेक्टर तेव्हाही २.१ व्होल्टने सरकतात, पण एकाच दिशेने. पुढच्या ऑपॲम्पने (ऑपरेशनल ॲम्प्लिफायर चिपने) त्यांची वजाबाकी केली की ती हालचाल नाहीशी होते. सम हार्मोनिकही एकमेकांना मारतात, आणि त्याच १० मिलिव्होल्टला तिसरा हार्मोनिक ०.३ टक्क्यांच्या आसपास राहतो. १ टक्का गाठायला सुमारे १८ मिलिव्होल्टचे शिखर लागते, म्हणून जोडीच्या आधी फार गेन ठेवू नका.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. जोडी बांधली, फाटणे थांबले, पण धप्प पूर्ण गेली नाही. दोन्ही ट्रान्झिस्टर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या एकाच पट्टीतले आहेत.

उत्तर (भोसरी)

एक पट्टी म्हणजे जुळलेली जोडी नव्हे. बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये २ मिलिव्होल्टचा फरक असला तरी दोन करंटांत ८ टक्के तफावत पडते, आणि २.१ व्होल्टच्या हालचालीत ती १७० मिलिव्होल्टची धप्प होते. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर वीसएक ट्रान्झिस्टर मोजा आणि १ मिलिव्होल्टच्या आत जुळणारे दोन निवडा. बोटांनी धरलेला ट्रान्झिस्टर तापतो व आकडा दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो, म्हणून ब्रेडबोर्डवर खोचून, हात काढून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. निवडलेल्या दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना टेकवून वर हीटश्रिंक चढवा, म्हणजे दोघे एकाच तापमानाला राहतील.

उरलेली धप्प प्रीसेटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या बदलत्या रेझिस्टरने) घालवता येते. ट्रान्झिस्टरांतील आणि कलेक्टर रेझिस्टरांतील फरकामुळे पडणारी चूक टेल करंटच्या प्रमाणातच बदलते, म्हणून दोन कलेक्टर रेझिस्टरांच्या वरच्या टोकांमध्ये ५०० ओहमचा एकच प्रीसेट पुरतो. त्याचे मधले टोक पुरवठ्याला जोडावे. इनपुट शॉर्ट करा, कंट्रोलला सेकंदाला दोन वेळा चढउतार करणारी चौकोनी लहर द्या आणि आउटपुटवरची पायरी सर्वांत लहान होईपर्यंत प्रीसेट फिरवा.

तापमानाने गेन दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के घटतो. खोलीत १५ अंशांचा फरक पडला तरी ती घट अर्ध्या डेसिबलच्या आतच राहते, म्हणून ध्वनिमुद्रणासाठी त्याची चिंता नको. टेल करंट मात्र ऑपॲम्पच्या करंट सिंकमधून (ठरलेला करंट खेचणाऱ्या मंडलातून) घ्या, कारण नुसत्या ट्रान्झिस्टर-रेझिस्टरच्या सिंकमध्ये ०.१ मिलिअँपिअरच्या टोकाला बेस-एमिटर व्होल्टेजचा सरकाव बराच जाणवतो. हा सगळा खटाटोप टाळायचा असेल तर एलएम १३७०० या तयार आयसीमध्ये अशा दोन जोड्या एकाच चिपवर जुळवून मिळतात. तरीही हाताने जोडी एकदा जुळवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्नकर्ता

बावीस ट्रान्झिस्टर मोजून त्यांतले दोन निवडले. सांगितल्याप्रमाणे प्रीसेट फिरवल्यावर पायरी ८ मिलिव्होल्टवर आली आणि हेडफोन लावूनही ती ऐकू येत नाही. आता ऑपॲम्पचा करंट सिंक बांधायला घेतो.