चालू नर्सरी विकत घेणं म्हणजे दुसऱ्याची उधारी गळ्यात बांधून घेणं, पटतंय का?

केळीवाला_यावल
मंडळी, माझ्या मावसभावाला पुण्याची नोकरी सोडून इकडे यायचंय आणि त्याच्या डोक्यात एक चालू नर्सरी घ्यायचं भरलंय. पाचोरा-भडगाव पट्ट्यात आहे, अडीच एकर, मोसंबीची कलमं, लिंबाची रोपं आणि सीझनला मिरची-टोमॅटो-वांग्याची ट्रेमधली रोपं. शेडनेट उभं आहे, बोअरला पाणी आहे, मालकाचं वय झालंय, पोरं बाहेर. जमिनीचे पैसे बाजारभावाने आणि वरून "धंद्याचे" म्हणून वेगळे बारा लाख मागतोय.
माझं मत आधीच सांगतो, हे बारा लाख कशाचे? नेट मालकाच्याच तोंडून चार वर्षं जुनी, म्हणजे अजून एखादं वर्ष ओढेल, ट्रे निम्मे तडकलेले. नाव म्हणाल तर शेतकरी त्या म्हाताऱ्याच्या नावाने येतात, उद्या गल्ल्यावर आमचा पोरगा दिसला की फिरून जातील. २०२०-२१ पासून राज्य सरकारची अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे, शेडनेट वगैरेला निम्मं अनुदान मिळतं, त्यात बसवून कोऱ्या जमिनीवर स्वतःचं का उभं करू नये?

डोळाभरणी
दादा, मिरची-टोमॅटोपुरतं बोलत असाल तर तुमचं बरोबर, टोमॅटो महिन्याभरात आणि मिरची फार तर चाळीस दिवसांत ट्रेमधून बाहेर, तो धंदा कोणीही कोऱ्या जमिनीवर उभा करेल. पण तुम्ही मोसंबी म्हणालात ना. खुंटासाठी जंबेरी या रानटी लिंबाचं बी टाकायचं, रोप बदलायचं, खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर मोसंबीचा डोळा भरायचा, मग तो फुटून विकण्याजोगा होईपर्यंत वाट बघायची. बी टाकल्यापासून कलम गाडीत चढेपर्यंत दीड-दोन वर्षं आरामात जातात, तोपर्यंत तुमचा भाऊ खाणार काय? चालू नर्सरीत आजच्या तारखेला खुंट तयार उभे असतात, पैसे त्याचे द्यायचे. आणि मातृवृक्ष, म्हणजे ज्यांवरून डोळे काढतात ती झाडं! मालकाने राहुरी विद्यापीठातून साई सरबती लिंबाची वगैरे झाडं आणून वाढवली असतील, पावत्या जपल्या असतील, तर बारा लाख महाग नाहीत. नसतील तर बारा हजारही देऊ नका.

केळीवाला_यावल
झाडं आहेत, मोठी आहेत, पावत्या विचारल्यावर "शोधावं लागेल" म्हणाला.

डोळाभरणी
मग शोधू द्या. तोवर इसार देऊ नका.

पपई_शहादा
मी केळीवाल्या भाऊंच्या बाजूने, पण कारण वेगळं. जुन्या नर्सरीची माती कोणी बघतं का? वर्षानुवर्षं एकाच वाफ्यात लिंबूवर्गीय रोपं, एकाच जागी पाणी, तिथे डिंक्याची बुरशी आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी नसतील तर नवल. मालकाला माहीत असतं, तो काय सांगणार आहे? तुम्ही घेणार, तुमच्या नावाने कलम विकणार, तीन-चार वर्षांनी शेतकऱ्याच्या बागेत बुंध्यातून डिंक गळायला लागेल, शिव्या तुम्हाला. व्यवहाराआधी दोन कामं करा, वाफ्यातली माती आणि मुळं लॅबला द्या, आणि तयार कलमांत डोळा जमिनीपासून किती उंच भरलाय ते स्वतः वाकून बघा, वीतभर वर पाहिजे. मातीला टेकलेला डोळा दिसला की समजायचं मालकाने घाई केलीय, आणि जो इथे घाई करतो तो सगळीकडेच करतो.
आमच्याकडे पपईला व्हायरसने काय केलं आणि तुमच्याकडे केळीला सीएमव्ही व्हायरसने, म्हणजे त्या हरण्या रोगाने, काय केलं ते सगळ्यांना माहीतच आहे. बागा उपटल्या लोकांनी. दोष हवामानाचा की मावा किड्याचा की रोपाचा हे कोणी ठरवत बसत नाही, ज्याचं रोप त्याच्या दारात सगळे जमतात.

हिशोबनीस
दोन्ही बाजू भावनेवर बोलू राहिल्या, आकडे बघा ना भो. मी असल्या व्यवहारांचे कागद बघतो म्हणून सांगतो. नर्सरीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न आयकर कायद्यात शेतीचं उत्पन्न धरतात, २००८ च्या फायनान्स ॲक्टने ते स्पष्ट करून टाकलं. चांगलंच आहे, पण त्याचा परिणाम असा की टॅक्स नाही म्हणून वह्याही नाहीत. मालक म्हणेल वर्षाला इतकी लाख रोपं जातात. कशावरून? वहीवरून नको, ट्रेत भरतात त्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुश्याच्या, गाडीवरून बघा. ते तामिळनाडू-केरळकडून ट्रकने येतं, बिल्टी असते. रोपं तोंडाने कितीही वाढतात, कोकोपीट वाढत नाही. तसंच ट्रेची बिलं, बियाणं कंपनीचं खातं, लाईट बिल. या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर विक्री खरी.
आणि तयार रोपं बाहेरून आणून तशीच विकत असेल तर ती शेती नाही, व्यापार झाला, तिथे ही सवलतही नाही. पुष्कळ "नर्सऱ्या" आतून तशाच आहेत.
परवान्याचंही बघा. फळझाडांच्या नर्सरीला १९६९ चा कायदा लागू आहे, परवाना लागतो. म्हाताऱ्याच्या नावावरचा कागद भिंतीवर टांगलेला दाखवतील, मालक बदलल्यावर तुमच्या भावाच्या नावाने काय करावं लागेल ते पैसे द्यायच्या आधी कृषी कार्यालयात विचारा, नंतर नाही. सरकारी अनुदानाच्या फुंडकर फळबाग योजनेतले शेतकरी हवे असतील तर राष्ट्रीय बागवानी मंडळाचं मानांकन आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे पण. सातबारा, फेरफार, बोजा तर बघालच. भाऊ खातेदार शेतकरी आहे ना? नसेल तर शेतजमिनीचं खरेदीखतच होणार नाही, पुढची चर्चा वाया.

केळीवाला_यावल
खातेदार आहे, वडिलांसोबत उताऱ्यावर नाव आहे. पण तुमच्या चार गोष्टी जुळवायला गेलो तर मालक हाकलून देईल हो.

हिशोबनीस
हाकलून दिलं तर उत्तर मिळालं ना.

गिरणाकाठ
सगळे मालकाला चोर ठरवून मोकळे झाले. माझे वडील अशाच नर्सरीत आयुष्यभर होते म्हणून बोलतो. नर्सरी नेटमध्ये नसते की परवान्यात नसते, ती दोन-चार माणसांच्या हातात असते. डोळा भरणारा एक माळी, ट्रेत बी टोकणाऱ्या बाया, आणि पहाटे उठून झारीने पाणी घालणारा एक जण जो ट्रे नुसता उचलून वजनावरून सांगतो आज पाणी पाहिजे का नको. भुसावळ-जळगावकडचा मे सगळ्यांना ठाऊक आहे, पारा ४५ च्या पुढे, दुपारी एक पाणी चुकलं की संध्याकाळी ट्रेमधली रोपं करपलेली. ही माणसं तुमच्या भावासोबत थांबणार असतील तर बारा लाख द्या, डोळे झाकून द्या. म्हातारा गेला की तेही जाणार असतील तर नुसती जमीन घ्या. कोऱ्या जमिनीवर ही माणसं कुठून आणणार आहात? सातपुड्यातून येणारे मजूर होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला घरी जातात ते कधी परततील याचा भरवसा नसतो, जुन्या मालकाच्या शब्दावर ते परत येतात. नव्याच्या शब्दावर का यावं त्यांनी?

पपई_शहादा
माणसं थांबतील हे लिहून कोण देणार? मालकच एक वर्ष थांबला तर मानू. निम्मे पैसे आता, निम्मे वर्षाने, आणि वर्षभर त्याने रोज सकाळी येऊन बसायचं.

गिरणाकाठ
हे पटलं. वय झालेल्या माणसाला घरी बसून करमत नसतंच.

अहिराणी_गडी
भाऊ, म्हातारा वरीसभर बसी ते बसी, पन येनार्‍या गिऱ्हाइकले सांगी "मनी नर्सरी शे", मंग तुमना भाऊ काय करी? 😄 आमना गावमा असंच व्हयनं. नवा मालक नावले, हुकूम जुनाना.

केळीवाला_यावल
हाहा, हेच तर म्हणतोय मी. पण खुंटांचा मुद्दा मला खोडता येत नाहीये. दोन वर्षं उत्पन्नाशिवाय पोरगा टिकणार नाही, बायको पुण्यातच राहणार म्हणतेय. भाजीपाल्याच्या रोपांवर तेवढं निघेल का?

डोळाभरणी
निघेल, पण सीझन धरून. आणि आपल्याकडे बरेच शेतकरी बियाणाचं पाकीट स्वतः आणून देतात, नर्सरीवाल्याने फक्त वाढवून द्यायचं. त्यात उगवण कमी झाली की भांडण, बियाणं खराब की तुमची देखभाल. पाकिटाचा लॉट नंबर लिहून ठेवायचा आणि रिकामं पाकीट टाकायचं नाही, एवढं भावाला पहिल्या दिवशी शिकवा.

हिशोबनीस
आणि ॲडव्हान्स! हे कोणीच बोललं नाही. नर्सरीवाले बुकिंगचे पैसे आधी घेतात. आता विकायला काढलीय म्हणजे पुढच्या सीझनचे ॲडव्हान्स मालकाच्या खिशात गेलेले असणार आणि रोपं द्यायची तुमच्या भावाने. बुकिंगची डायरी मागा, एकूण रक्कम बारा लाखांतून वजा करा. डायरी नाही म्हणाला तर गावात चहाच्या टपरीवर विचारा, लोक आकड्यासकट सांगतात.

लिंबूवाला_भडगाव
एक मिनिट. ही नर्सरी रोडलाच, मोठी विहीर आणि समोर चिंचेचं झाड आहे तीच का? असेल तर केळीवाले भाऊ मला मेसेज करा. माझा तिथे तीनशे मोसंबी कलमांचा ॲडव्हान्स अडकलाय, आणि विकायला काढल्याचं मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.