मदत हवी आहे: आईचे दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत, करायचं का?

सैरभैर
आईचे गुडघे भयंकर दुखतायत. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले झीज आहे, आज ना उद्या दोन्ही बदलावे लागणार, मग आत्ताच करून घ्या. दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणतात काही गरज नाही, व्यायाम करा. कुणाचं ऐकायचं? आई म्हणते तुम्ही ठरवाल ते. मला या आठवड्यात ऑपरेशनची तारीख कळवायचीय, ज्यांच्या घरी झालंय त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, करायचं की नाही. गुगल कर म्हणू नका, ते करून डोकं भणभणलंय.

चालता_बोलता
करून टाका. माझ्या वडिलांचे दोन्ही झालेत, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं होतं. आधी त्यांना एक जिना चढायचा म्हणजे कठड्याला लोंबकळत एकेक पायरी आडवं होऊन चढायला लागायची, आता एकटे फिरून येतात. उगाच घाबरून वर्षं घालवू नका, मांडीचे स्नायू एकदा रोडावले की ऑपरेशननंतर सावरायला फार वेळ जातो.

ताठ_कणा
थांबा हो. वय काय? वजन? एक्सरे उभं राहून काढला की झोपवून? रिपोर्टवर ग्रेड किती? दुखतं कधी, चालताना की बसल्यावर? शुगर आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि लोक ऑपरेशन करा म्हणून मोकळे.

सैरभैर
वय ५८. शुगर नाही. उभं राहूनच काढला, ग्रेड २ लिहिलंय. दुखतं सगळाच वेळ. आता सांगा.

ताठ_कणा
ग्रेड २ ला गुडघे बदलायचे? ती मोजपट्टी ० ते ४ अशी असते, ४ म्हणजे हाडाला हाड टेकलेलं. २ म्हणजे कडेला थोडी हाडं वाढलीत आणि फट जराशी कमी झाली असेल नसेल एवढंच. एक्सरे आणि दुखणं जुळतंच असं नाही हे मान्य, कुणाचा एक्सरे वाईट असतो पण माणूस आरामात चालतो आणि कुणाचं बरोबर उलटं, पण मग एवढं दुखतंय ते कशामुळे हे आधी शोधायला नको का?

गुडघेकर
माझं ऐका, ग्लुकोसामाइन चालू करा आणि चांगली नी-कॅप घ्या. मी बरीच वर्षं घेतोय, मला शंभर टक्के फरक आहे. कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, भरून येते त्याने. आणि ऑपरेशन तर नकोच, तो कृत्रिम सांधा दहा वर्षांत बाद होतो, मग परत फाडायचं.

चालता_बोलता
दहा वर्षांत बाद? कुठून आणता हे? २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, बदललेले साधारण ८२ टक्के गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून होते. लोकांना घाबरवू नका.

ताठ_कणा
आणि ग्लुकोसामाइनची अमेरिकेतली मोठी चाचणी २००६ ची आहे, सगळे पेशंट मिळून बघितलं तर नकली गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही. तुम्हाला बरं वाटतंय तर घ्या, पण कूर्चा भरून येते हे लिहू नका, कुणीतरी त्या भरवशावर बसेल. नी-कॅपने आधार वाटतो हे खरं, पण दिवसभर तीच घालून बसलात तर स्नायूंना कामच राहत नाही.

गुडघेकर
अनुभव पण काही असतो. असो.

घामगाळू
वजन कमी करा, बाकी सगळं नंतर. एक किलो उतरवला तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने हलका होतो. सोबत सरळ पाय उचलायचा व्यायाम: पाठीवर झोपायचं, एक पाय दुमडायचा, दुसऱ्याची मांडी ताठ करून वीतभर वर उचलायचा, पाच आकडे मोजून सावकाश खाली. दुखत असताना झेपतो हा. गोळ्याबिळ्या लागत नाहीत.

सैरभैर
वजन तिचं जास्त नाहीये, उलट या काही महिन्यांत बरंच उतरलंय, कपडे ढगळ होतात. व्यायाम सकाळी जमतच नाही, अंग आखडलेलं असतं. मी फक्त ऑपरेशन हो की नाही विचारलंय.

निळी_छत्री
हाडांची डेन्सिटी केली का? डेक्सा म्हणतात. त्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. पाळी गेल्यावर बायकांनी करून घ्यावीच. माझ्या मावशीचं मनगट साध्या पडण्याने मोडलं तेव्हा कळलं, तोपर्यंत काही दुखलं नव्हतं, या आजारात फ्रॅक्चर होईपर्यंत दुखतच नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व बघून घ्या.

ताठ_कणा
तुम्हीच म्हणताय की त्यात दुखत नाही, मग यांच्या दुखण्याशी काय संबंध?

निळी_छत्री
संबंध नाही म्हणून तपासू नये असं थोडंच आहे.

सकाळचे_सांधे
सैरभैर ताई, जरा थांबा. वजन आपोआप उतरलंय आणि सकाळी अंग आखडतं, ही दोन वाक्यं वाचून लिहितेय. सकाळचं आखडणं किती वेळ राहतं? हाताची बोटं, मनगटं सुजतात का? दोन्ही बाजूला? हे सांगा आधी.

सैरभैर
बोटांचा काय संबंध, मी गुडघ्याचं विचारतेय. हो सुजतात बोटं, दोन्ही हातांची. सकाळी पेला दोन्ही तळव्यांत धरून पाणी पिते, डब्याचं झाकण फिरत नाही तिला, मीच उघडून ठेवते. वयामुळे असेल असं वाटलं म्हणून लिहिलं नाही. सकाळी अकरा वाजेपर्यंत असंच, मग गोळी लागू पडली की मोकळी होते.

सकाळचे_सांधे
कुठली गोळी??

सैरभैर
छोटी पांढरी, प्रेडनिसोलोन १०. गेल्या वर्षी कुणीतरी लिहून दिली होती, तिने खूप बरं वाटलं म्हणून तीच आणतो.

सकाळचे_सांधे
अहो ती स्टिरॉइड आहे. नीट वाचा, मला स्वतःला आमवात आहे, ऱ्हुमेटॉइड, म्हणून पोटतिडकीने लिहितेय. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडणं बहुतेक अर्ध्या तासात सुटतं आणि वापराने दुखणं वाढतं. आमवातात तास-तास जखडलेलं असतं आणि हालचालीने सैल होतं. सूज कुठे आहे बघा. झिजेत नखाजवळच्या पेरावर टणक गाठी येतात. आमवातात मुठीच्या उंचवट्यावरचे आणि मधल्या पेराचे सांधे सुजतात, मनगटं सुजतात, दाबलं तर मऊ लागतं, कुणी हात मिळवला तरी कळ येते. सोबत थकवा, वजन उतरणं. गुडघेही धरतो, म्हणून तुम्हाला गुडघेच दिसतायत. मी निदान करत नाही, ते ऱ्हुमेटॉलॉजिस्टने, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरने करायचं, पण तारीख कळवायच्या आधी त्यांना दाखवाच. सीआरपी, ईएसआर, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या ते सांगतील.

आणि गोळी एकदम बंद करू नका! इतके महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं, अचानक थांबवलं तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

ताठ_कणा
हे बरोबर वाटतंय. आणि निळी_छत्री, माफ करा, आता तुमचा मुद्दा लागू आहे, स्टिरॉइडने हाडं विरळ होतात, डेक्सा करायलाच हवी.

घामगाळू
आमच्या शेजाऱ्यांचा आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे आमवात नाही असं सांगितलं होतं डॉक्टरांनी.

सकाळचे_सांधे
निगेटिव्ह आला म्हणून सुटका नाही, आमवात असलेल्या बऱ्याच जणांचा निगेटिव्ह येतो. आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवातच असंही नाही. हात लावून तपासणारा डॉक्टर पाहिजे.

टिचकी
बोटं मोडायच्या सवयीने पण संधिवात होतो ना? मी दिवसभर मोडते.

निळी_छत्री
नाही होत. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्या हाताची नाही, शेवटी दोन्ही हात सारखेच. २००९ चं इग नोबेल, ते गमतीशीर संशोधनाला देतात ते, मिळालं त्यांना. आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो.

चालता_बोलता
विषयावर या. ताई, मी घाई करून टाका म्हटलं होतं, बोटांचं वाचल्यावर मीही म्हणेन आधी हे बघा. पुढे गुडघा बदलायची वेळ आलीच तर आजार काबूत आणूनच करतात.

सैरभैर
हॉस्पिटलला फोन करून तारीख थांबवली. ऱ्हुमेटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळालीय, दुपारची. पण मग औषधं जन्मभर का? आणि तोपर्यंत काय करू, ती गोळी तशीच देत राहू?

सकाळचे_सांधे
गोळी आहे त्याच डोसने चालू ठेवा, मनाने वाढवू नका, कमी करू नका, आणि आज त्यांच्या क्लिनिकला फोन करून प्रेडनिसोलोन १० चालू आहे हे सांगा, लवकर बोलावतीलही. दुखतं म्हणून वरून दुसरी पेनकिलर देऊ नका, स्टिरॉइडबरोबर पोटात अल्सरचा धोका वाढतो. ताप आला किंवा एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. स्टिरॉइड चालू असताना जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढतोच असं नाही.

औषधं बहुतेकांना लांब घ्यावी लागतात, हो. पण वेळेत सुरू झाली तर सांधे वाचतात, पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडं कुरतडली जायला लागतात म्हणून घाई. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध लिहून दिलं तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जीव जातो. असर दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, मध्येच काही होत नाही म्हणून सोडू नका.

आणि अपॉइंटमेंट दुपारची आहे ना, तोवर गोळीने सूज उतरलेली असेल. उद्यापासून रोज सकाळी उठल्या उठल्या, गोळीच्या आधी, दोन्ही हातांचे फोटो काढा, वरून आणि बाजूने, मूठ किती मिटते तेही. गोळीचं पाकीट आणि जुनी चिठ्ठी सोबत न्या.

सैरभैर
काढते उद्यापासून. चिठ्ठी आत्ताच सापडली, तारीख गेल्या वर्षीची आहे आणि त्यावर "५ दिवस" लिहिलंय.