अनुभव धागा : पडत्या काळात आधी काय हाती घ्यायचं?

नौपाडा, ठाणे (धागा काढणारी)
नोकरी जाते, धंदा बसतो, घरात आजारपण येतं. "देवावर भरवसा ठेव" म्हणायला अख्खी सोसायटी येते. तो भरवसा, कृतज्ञता आणि आपली जबाबदारी रोजच्या दिवसात बसवायची कशी? आत्मचरित्र नको, कृती लिहा.

ऐरोलीकर
आधी कागदपत्रं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम (कर्मचाऱ्यांचा सामूहिक आरोग्य विमा) साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो. तो चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्या. मध्ये खंड पडून नवी पॉलिसी घेतलीत, तर मधुमेह-रक्तदाबासारख्या जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, पहिल्यापासून मोजला जातो.

गृहकर्जाचा हप्ता चुकायच्या आत शाखेत जा. ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. लोक नेमकं उलटं करतात. लाजेपोटी बँकेचा फोन उचलत नाहीत आणि क्रेडिट कार्डावरून रोकड काढून हप्ता भरतात. त्या रोकडीला बिनव्याजी मुदत नसते, काढल्या दिवसापासून व्याज चढतं.

नेरूळकर
कृतज्ञतेच्या वहीबद्दल, म्हणजे ज्यांचे आभार वाटतात ते लिहून ठेवायची वही. "घर, आरोग्य, कुटुंब" असं लिहिलं की चार दिवसांत ते नुसतं पाटी घोटणं होतं. माणूस आणि त्याने केलेलं काम लिहा : 'लिफ्ट बंद होती, वॉचमनने सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून दिला.' रोज लिहायलाच हवं असंही नाही. एमन्स आणि मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने १० आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त ५ गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्य बरं वाटत होतं. महिन्यातून एकदा वहीतल्या एकाला समोर जाऊन सांगा. तुमची वही वॉचमनच्या हाती कधी पडत नाही.

घरात मृत्यू झाला असेल तर वही बंद. "जे आहे त्याचे आभार मान" हे तेव्हा कुणाला सांगूही नका.

कळव्याची मावशी
नवस बोलताना रक्कम बोलू नये. अडचणीत माणूस मोठा आकडा बोलतो, मग फेडायला उसने घेतो. ठाण्याच्या कोपिनेश्वराला, महादेवच तो, पाण्याचा तांब्या चालतो हो!

जपाचं म्हणाल तर ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत माळ निघत नाही. अंगठ्याने चार बोटांची १२ पेरं मोजा. एक फेरी झाली की दुसऱ्या हाताचं एक पेर पुढे, अशा ९ फेऱ्या म्हणजे १०८. माळ असेल तर मेरुमणी (माळेच्या टोकाचा मुख्य मणी) ओलांडायचा नाही, तिथून उलट फिरायचं. मोजणी चुकली तर पहिल्यापासून करू नका, आहे तिथून पुढे. पुन्हा पुन्हा सुरुवात करणारे आठवड्यात सोडतात.

ऐरोलीकर
मावशी, जपाला ना नाही. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.

कळव्याची मावशी
लिहून घेतला. देवघराशेजारी, गॅसवाल्याच्या नंबराखाली चिकटवायचा. घाईत तिथेच नजर जाते.