इंग्लंडमधल्या गावांच्या नावांबद्दल काय वाचू?

रानवाट: लेस्टरला येऊन दोन वर्षं झाली. बसमधून गावांच्या पाट्या वाचायचा नादच लागलाय. ओडबी, ब्लेबी, फ्रिस्बी... जिथे तिथे शेवटी 'बी'! काल अ‍ॅशबी मॅग्ना आणि अ‍ॅशबी पार्वा दिसली आणि एकदम आपलं बुद्रुक-खुर्द आठवलं. भाषाशास्त्र शिकलेली नाही, पण मनापासून वाचेन. सुरुवात कुठून करू?

कर्दळ: अगदी बुद्रुक-खुर्दच! आपल्याकडे फारसी, तिकडे लॅटिन. 'बी' मात्र डॅनिश लोकांचा. नवव्या शतकाच्या शेवटी ते तुमच्या भागात वसले. त्यांच्या बोलीत 'बी' म्हणजे शेतवस्ती, गाव. अ‍ॅशबी म्हणजे अ‍ॅशच्या झाडांची वस्ती. ए. डी. मिल्स यांचा ऑक्सफर्डचा कोश घ्या. एकेका नावाचं जुनं स्पेलिंग, साल आणि अर्थ दोन-तीन ओळींत मिळतो.

घाटमाथा: कोश हवाच, पण मार्गारेट गेलिंग आणि अ‍ॅन कोल यांचं 'द लँडस्केप ऑफ प्लेस-नेम्स' (2000) वाचाच वाचा. ट्रेक करणाऱ्याला तर फारच भावेल. सह्याद्रीत आपण सोंड, सुळका, पठार यांत गल्लत करत नाही ना, तसंच जुन्या इंग्रजीतही होतं. 'डून' म्हणजे माथ्यावर वस्तीपुरती सपाटी असलेली टेकडी, 'होह' म्हणजे टाचेसारखी पुढे आलेली सोंड. नाव वाचून जागा डोळ्यांसमोर उभी राहते. मी हे पुस्तक घेऊन प्रत्यक्ष गावं बघत हिंडलोय.

जुनीवही: एक कळकळीचं सांगणं: आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावू नका. रग्बी हे गावाचं नाव घ्या. वाटतं डॅनिश, पण 1086 च्या डोम्सडे नोंदीत (राजाने करवलेली जमिनींची पाहणी) ते नाव 'बेरी'ने संपतं, म्हणजे मुळात इंग्रजी गढी, ह्रोका नावाच्या कुणाची तरी. आजूबाजूच्या 'बी'वाल्या गावांमुळे पुढे तिचंही रूप बदललं. नॉटिंगहॅम विद्यापीठाचं 'की टु इंग्लिश प्लेस-नेम्स' संकेतस्थळ फुकट आहे. पैसे खर्चण्याआधी तेच बघा.

रानवाट: सगळ्यांचे खूप आभार! संकेतस्थळ उघडलं आणि रात्रीचा एक वाजला. आमच्याच काउंटीतलं ब्रीडन ऑन द हिल सापडलं. 'ब्रे' म्हणजे मूळच्या ब्रिटन लोकांच्या भाषेत टेकडी. त्याला नंतर आलेल्या इंग्रजांनी 'डून' जोडला. पुढे दोन्हींचा अर्थ विसरला गेला, तेव्हा 'ऑन द हिल'! माथ्यावर जुनं चर्च आहे म्हणे. शनिवारी चढून बघते, तिथे खरंच 'डून'सारखी सपाटी आहे का.