'वक्रीभवन' लिहिलं आणि लाल शेरा मिळाला

तळटीप: एका विज्ञानलेखाचा अनुवाद करतेय. द्रव-स्फटिकांची पातळ फिल्म, अतिनील प्रकाश पडला की प्रकाशाकडे वळते. मी बेधडक 'फिल्मचे वक्रीभवन' लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा : 'वक्रीभवन प्रकाशाचं होतं, वस्तूचं नाही.' पाण्यात मोडकी दिसणारी पेन्सिल मीही विसरले नाहीये. पण मग इथे काय लिहू?

खडूफळा: विश्वकोशात त्या पेन्सिलवाल्या प्रकाराला 'प्रणमन' आहे, पाठ्यपुस्तकांत आता 'अपवर्तन'. वक्रीभवन रिकामंच पडलंय, घ्या वापरायला!

भोचक: रिकामं कसलं? आमच्या पिढीच्या डोक्यात ते कायमचं बसलंय. त्यात शनी वक्री होतो तो वाकत नाही, उलटा चालतो. सरळ 'वाकणे' लिहा की.

तळटीप: वाकायला वरून भार लागतो, नाहीतर वय. इथे कुणी दाबतच नाही. फिल्ममध्ये अ‍ॅझोबेन्झीनचे काठीसारखे रेणू असतात. अतिनील प्रकाशात ते मधोमध मुडपतात, टोकांमधलं अंतर ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ वर येतं. प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, तेवढाच थर आखडतो, खालचा ढिम्म. म्हणून फिल्म वळते. मग दृश्य प्रकाश टाकला की परत सरळ.

उनाड: अरे, हे तर जुन्या फोटोंसारखं! कोरड्या हवेत वरचा जिलेटिनचा थर आखडतो, कागद तसाच, कडा वर येतात. आई म्हणायची, 'फोटोला बाक आलाय.' बाक!

शब्दवेडा: 'लवणे' घ्या. 'लवचीक' त्यातलाच. आणि लवणे हे 'नम्'चं रूप, म्हणजे तुमच्या प्रणमनाचं सख्खं भावंड.

भोचक: मग 'लवण' पण नमस्कार करतं वाटतं?

शब्दवेडा: ते लवण वेगळं. थट्टा करायची तर करा.

खडूफळा: मला मुळात 'द्रव-स्फटिक' खटकतो. हा वदतोव्याघात आहे, स्वतःलाच खोडणारा शब्द.

तळटीप: पदार्थच तसा आहे हो. १८८८ मध्ये राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात दोन वितळणबिंदू दिसले. १४५.५ अंशांना गढूळ द्रव, १७८.५ ला नितळ. तो मधला गढूळ द्रव म्हणजेच द्रव-स्फटिक.

उनाड: 'गढुळा' म्हणायचं मग. सुटसुटीत.

खडूफळा: त्याआधी 'फिल्म'चं मराठी करा. पापुद्रा.

भोचक: पापुद्रा सुटतो. ही सुटी आहे का?

तळटीप: लेख उद्या द्यायचाय. तूर्त 'वळते' ठेवलंय.

शब्दवेडा: 'वळते' म्हटलं की वाचक विचारणार, डावीकडे की उजवीकडे?