चेतकच्या पत्र्यासाठी घरगुती मिग मशीन घ्यायचंय, काय बघून घेऊ?

कोथरूडचा_चेतकवाला:
नमस्कार मंडळी. बाबांची १९८९ ची चेतक बरीच वर्षं पार्किंगमध्ये झाकून होती. आता रंग खरवडला तर ब्रेकच्या पेडलखालच्या पत्र्याची पार चाळण झाली आहे. चेतकला वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे पुट्टी भरून वर रंग मारणं मला पटत नाही, नीट ठिगळ लावायचंय. चांगल्या जागी व्हर्नियरवर १.२ मिमी भरतो, गंजाच्या कडेला जेमतेम ०.८. ओळखीच्या ग्रिलवाल्याने साध्या आर्क मशीनवर रॉड टेकवून बघितला, तर होतं ते भोक रुपयाएवढं झालं.

म्हणून छोटं मिग मशीन घ्यायचा विचार आहे, म्हणजे ज्यात रिळावरची तार आपोआप पुढे येऊन वितळते आणि जोडाभोवती गॅस सोडतात. घरी १६ अँपिअरचा प्लग आहे, सिंगल फेज. दुकानदार म्हणतो २५० अँपिअरचंच घ्या, पुढे कामाला येईल. खरंच एवढं लागतं का? आणि गॅस घ्यावा की बिनगॅसच्या तारेवर भागेल? चेतकनंतर घरचं एक जुनं लोखंडी कपाटही करायचं आहे.

सिंहगडरोड_६७:
मी बिनगॅसची, म्हणजे आत फ्लक्सची पूड भरलेली तार वापरतो; ती पूडच जळून गॅसचं काम करते. सिलिंडर सांभाळायची कटकट नाही, गच्चीवर वाऱ्यातही चालतं. गेटचे पाईप, स्टँड, कुंड्यांचे रॅक छान होतात. पण तुमच्या पत्र्याला मी ती सुचवणार नाही. १ मिमीच्या खाली आर्क, म्हणजे तारेच्या टोकाची सलग ठिणगी, सांभाळणं अवघड जातं, शिंतोडे खूप उडतात आणि स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली फ्लक्सची पापडी, ठोकून काढताना पातळ पत्रा हलतो.

भोसरीचे_काका:
चेतकवाले, आधी दुकानदाराचा २५० चा आकडा बाजूला ठेवा. मी भोसरीत बॉडी पार्ट्सच्या सीओटू वेल्डिंगवर (म्हणजे मिगच, गॅस सीओटू) आयुष्य काढलंय, आता निवृत्त आहे. पातळ पत्र्याला मशीन वर किती जातं ते बघायचं नसतं, खाली किती उतरतं ते बघायचं. अंदाज साधा आहे: १ मिमी पत्र्याला ४० अँपिअरच्या आसपास. तुमच्या ०.८ च्या कडेला ३० वर स्थिर चालणारं मशीन हवं. स्थिर म्हणजे सलग चरचर आवाज आला पाहिजे, फटफट नको.

प्लगचं गणितही करून टाका. मिगमध्ये आर्कचा व्होल्टेज साधारण १४ अधिक अँपिअरचा विसावा भाग. ६० अँपिअरला १७ व्होल्ट, म्हणजे १ किलोवॉट. मशीनमधला तोटा धरूनही तुमचा प्लग सहज पेलतो. २०० अँपिअरला २४ व्होल्ट, म्हणजे ४.८ किलोवॉट, आणि १६ अँपिअरच्या प्लगातून २३० व्होल्टला जेमतेम ३.७ मिळतात. घरी जी ताकद वापरताच येणार नाही तिच्यासाठी पैसे का मोजायचे?

त्याच पैशात ०.६ मिमीची तार आणि चांगला गॅस घ्या. ०.८ ची तार ४० अँपिअरच्या खाली कुरकुर करते, ०.६ ची ३० वर शांत चालते. मात्र मशीनचा तार पुढे ढकलणारा रोलर ०.६ चा हवा, तार जिथून बाहेर येते ती टिपही ०.६ ची. बऱ्याच रोलरना एका बाजूला ०.६ आणि दुसऱ्या बाजूला ०.८ ची खाच असते, उलटून बघा. तार ईआर ७० एस-६ मागा, साध्या लोखंडाची नेहमीची. ०.६ चं ५ किलोचं रीळ त्या दुकानात नेहमी मिळतं का हे मशीन घेण्याआधी विचारा. पावसाळ्यात काम नसेल तर रीळ काढून हवाबंद डब्यात ठेवा. तार गंजली की ती लायनरमध्ये, म्हणजे केबलच्या आतल्या नळीत, अडकायला लागते.

आता गॅस. नुसता सीओटू स्वस्त पडतो आणि जाड कामाला उत्तम, पण आर्क कडक असतो, शिंतोडेही जास्त. तुमच्यासाठी आर्गॉन ८० आणि सीओटू २० चं मिश्रण घ्या. १० लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला तर त्यात सुमारे १,५०० लिटर गॅस मावतो. मिनिटाला १० लिटर सोडलात तरी अडीच तास प्रत्यक्ष आर्क. ठिगळाचं काम टाक्या-टाक्यांनी, म्हणजे एकेक ठिपका वेल्ड करत होतं, त्यामुळे चेतक आणि कपाट दोन्ही त्यात उरकतील. आधी सिलिंडर ठरवा, मग त्याच वितरकाकडून रेग्युलेटर घ्या. सीओटूचा आर्गॉनला बसत नाही.

ड्यूटी सायकलची, म्हणजे मशीन न तापता दहा मिनिटांत किती वेळ चालतं याची, चिंता तुम्हाला नको, एवढ्या कमी अँपिअरला मशीन तापत नाही.

शेवटचं, आणि हे कराच. रविवार पेठेत मशीन बघायला जाताना १ मिमी पत्र्याचे तुकडे बरोबर न्या आणि सगळ्यात कमी सेटिंगवर समोर चालवून दाखवायला सांगा. जाड पट्टीवर कुठलंही मशीन सुंदर चालतं.

कोथरूडचा_चेतकवाला:
काका, फार उपयोग झाला, मनापासून धन्यवाद. टाके मारायची पद्धतही सांगाल का?

भोसरीचे_काका:
ठिगळ कडेला कड भिडवून बसवा, फट ठेवू नका. एक टाका इथे, पुढचा समोरच्या कडेला, असं फिरत राहा. हात लावता येईल इतपत गार झाल्याशिवाय शेजारी दुसरा टाका मारायचा नाही, नाहीतर पत्रा फुगतो. मागून तांब्याची पट्टी धरली तर भोक पडत नाही, आणि तांब्याला लोखंड चिकटतही नाही. रेषा पूर्ण करायची घाई मात्र नको. आमच्याकडे नवीन पोरं तिथेच पत्रा बिघडवायची.

नानापेठ_स्पेअर्स:
काकांच्या सांगण्यात थोडी भर. चेतकची टाकी सीटखाली बॉडीतच असते. ती काढून पार्किंगच्या बाहेर ठेवा. रिकामी असली तरी आत वाफ असतेच. बॅटरी असेल तर सोडवा, वायरिंग बाजूला घ्या. अर्थिंगचा क्लॅम्प ठिगळाशेजारी घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर लावा. हँडलला किंवा चाकाला लावलात तर करंट बेअरिंगमधून जाईल. ठिगळाला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका. त्यातलं जस्त जळून धूर होतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. साधा सीआर (कोल्ड रोल्ड, बिनमुलाम्याचा) पत्रा घ्या.

कोथरूडचा_चेतकवाला:
टाकी आजच काढतो. शनिवारी १ मिमी सीआरचे तुकडे कापून रविवार पेठेत जातोय. कोणतं मशीन ३० अँपिअरवर नीट चाललं ते इथे लिहीन.