मदत हवी आहे: एक नळी रायफल, एक शॉटगन, काडतुसं कुठली?
मंडळी, टेक्सासला असतो, इथे शेजारच्या आजोबांकडून जुनी सॅव्हेज मॉडेल २४ ही दोन नळ्यांची बंदूक घेतली, वरची नळी .२२ लाँग रायफल, खालची २० गेज शॉटगन (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक). नळीवर ३ इंच कोरलंय म्हणजे पावणेतीन इंची काडतुसं पण चालतात एवढं कळतं, पण खालच्या नळीला फुल चोक (तोंडाशी नळी सर्वात जास्त अरुंद) आहे, स्टीलचे छर्रे मारले तर चोक फुगेल का? बिस्मथचे (स्टीलपेक्षा मऊ धातूचे) छर्रे वापरतं का कुणी? आणि स्लगचं (छर्र्यांऐवजी एकच मोठी गोळी) काय?

घरात १२ गेजची पण आहे आणि मला खरी भीती तीच, २० चं पिवळं काडतूस त्यात घसरून आत अडकतं अन् मागून १२ चा बार काढला की नळीच फुटते, म्हणून डबे वेगळ्या कपाटात ठेवलेत. हॅमरवरचं कुठली नळी उडणार ते ठरवणारं बटण वर की खाली तेही दरवेळी अंगठ्याने चाचपतो. गनस्मिथला (बंदूक दुरुस्त करणाऱ्याला) दाखवणारच आहे, तोवर अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.